चाळीस अंशांच्या गावातला चॉकलेट केक

चॉकलेटमधली चरबी, म्हणजे कोको बटर, साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात बाहेरचा पारा ४०च्या वर असतो आणि दुपारचं स्वयंपाकघर गॅस न पेटवताही चांगलंच तापलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक चॉकलेट-फजित्यांचं मूळ या दोन आकड्यांत सापडतं. मूस वाट्यांमध्ये छान सेट होतं आणि पाहुण्यांसमोर येईपर्यंत पातळ होतं. टार्टवरचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, सुरी लागताच ओघळतं. कृती बरोबरच असते, पण ती लिहिणाऱ्याच्या घरातलं ‘रूम टेंपरेचर’ २० अंशांचं असतं. आपल्याला तसलं तापमान जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे मिळालं तर मिळालं.

मग उन्हाळ्यात चॉकलेटचं गोड करूच नये का? खुशाल करावं. फक्त कोणतं करायचं हे ठरवताना तो पदार्थ कशाच्या आधाराने उभा राहतो ते आधी पाहावं.

मूस, गनाश, ट्रफल यांना उभं ठेवते ती गोठलेली चरबी. थंडीत ती घट्ट असते, उकाड्यात सैल पडते, आणि तिच्यासोबत पदार्थही बसतो. अंडी घालून बेक केलेल्या केकचं गणित वेगळं आहे. अंड्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळलेल्या लांब साखळ्या. उष्णता लागली की त्या उलगडतात, एकमेकींत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. एकदा तयार झालेलं हे जाळं पुन्हा सुटत नाही. उकडलेलं अंडं कितीही गरम किंवा थंड केलं तरी पातळ होत नाही ते यामुळेच. या जाळ्यात अडकलेली चरबी नंतर ३८ अंशांना वितळली तरी तिला वाहून जायला वाट नसते. केक मऊ पडेल, जरा जास्त ओलसर लागेल, पण ताटलीत उभा राहील.

म्हणून इथे समजून घेऊ तो केक बेक केलेला आहे. चॉकलेट, लोणी, अंडी, साखर आणि मैद्याऐवजी शेंगदाण्याचं कूट. इटलीतल्या काप्री बेटावर बदामाची भरड घालून असा केक करतात, त्याला तोर्ता काप्रेझे म्हणतात. बदामात आणि शेंगदाण्यात चरबीचं प्रमाण जवळजवळ सारखं असतं, वजनाच्या साधारण निम्मं. त्यामुळे एकाच्या जागी दुसरं तितक्याच वजनाने घालता येतं. चव बदलते, आणि माझ्या मते सोलापुरात तरी ती सुधारते. सोबत डाळिंब. ते का, हे पुढे सविस्तर येईलच.

स्लॅब विकत घेताना

बेकिंगच्या सामानाच्या दुकानात अर्ध्या किलोचे दोन स्लॅब शेजारी ठेवलेले असतात. दिसायला सारखे, भावात मात्र मोठा फरक. स्वस्त असतो तो कंपाउंड. त्यात कोको पावडर आणि साखर असते, पण कोको बटरच्या जागी पाम कर्नलसारखं कडक केलेलं वनस्पती तेल असतं. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ लिहिलंय की ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’, एवढं वाचलं तरी पुरे. कंपाउंड दुकानातल्या उकाड्यात टिकतं, वितळवून ओतलं की विनातक्रार घट्ट होतं. म्हणून बेकरीवाल्यांना ते सोयीचं, आणि सजावटीपुरतं मीही ते वापरते. पण ज्या केकमध्ये चॉकलेटची चव हाच सगळा ऐवज आहे, तिथे ते घालू नये. तोंडात त्याचा मेणचट थर राहतो. अस्सल चॉकलेटची चरबी ३४ अंशांना वितळते आणि जीभ त्याहून थोडी गरम असते, म्हणून ते जिभेवर ठेवताच विरघळल्यासारखं वाटतं. पैसे मोजायचे ते या गुणाचे.

हा गुण आयता मिळालेला नाही. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या की जाड, कडू लगदा मिळतो. १८२८ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन हाउटेन यांनी तो लगदा दाबून चरबी वेगळी करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाताशी मोकळं कोको बटर आलं आणि ते पुन्हा घालून चॉकलेटच्या वड्या पाडता येऊ लागल्या. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटायची पद्धत काढली. त्याने रवाळपणा गेला, आंबूस वासही बराच उडाला. आज आपण वितळवतो ते चॉकलेट म्हणजे कोकोचे आणि साखरेचे अतिशय बारीक कण, आणि त्यांच्या भोवती चरबी. त्यात पाणी जवळजवळ नसतंच. हे लक्षात ठेवा, लवकरच उपयोगी पडेल.

स्लॅबवर ५५ किंवा ७० टक्के लिहिलेलं असतं, त्याबद्दल बराच गैरसमज आहे. हा आकडा कडूपणाचा नाही. कोकोच्या बियांतून आलेलं सगळं, म्हणजे कोकोचा घन भाग आणि कोको बटर, यांची ती बेरीज. डार्क चॉकलेटमध्ये उरलेला जवळजवळ सगळा हिस्सा साखरेचा. म्हणजे ५५ टक्क्यांच्या २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये ९० ग्रॅमच्या आसपास साखर आलीच, ७० टक्क्यांच्यात ६० ग्रॅम. ‘जास्त चांगलं’ म्हणून ७० टक्क्यांचं आणलं आणि कृती तीच ठेवली, तर केक नुसता कडू होणार नाही, कोरडाही होईल, कारण वाढलेला कोको पाणी शोषतो. अशा वेळी ३० ग्रॅम साखर आणि एक-दोन चमचे दूध वाढवावं. मी ५५ टक्क्यांचंच घेते. घरातल्या पोरांना आणि आजोबांना एकाच ताटलीतून खाऊ घालायचं तर तेच बरं.

एप्रिलमध्ये आणलेल्या स्लॅबवर कधी कधी पांढुरका थर दिसतो. ती बुरशी नसते. वाटेत चॉकलेट अर्धवट वितळलं, पुन्हा गोठलं, आणि चरबी वर येऊन तिथे तिचे मोठे स्फटिक झाले. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातल्या पाचव्याच प्रकाराला ती चकाकी आणि मोडताना होणारा कट्‌ आवाज असतो. चॉकलेटच्या वड्या करणारे लोक टेंपरिंग करतात ते हा पाचवा प्रकार मिळवायला. आपल्याला त्या भानगडीत पडायचं कारण नाही. लोण्यात वितळवल्यावर जुने स्फटिक गेलेच, त्यामुळे पांढरा पडलेला स्लॅब केकला बिनधास्त चालतो.

पाणी: एक तर नाहीच, नाही तर भरपूर

चॉकलेट वितळवताना अचानक त्याचा रवाळ, घट्ट गोळा होतो. घाबरून लोक गॅस वाढवतात, आणि मग ते करपतंही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाण्याचे दोन-चार थेंब. ओला चमचा, खालच्या भांड्यातली वाफ, नीट न पुसलेलं पातेलं. साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की गाठी होतात, अगदी तेच इथे घडतं. चरबीत सुटे तरंगणारे साखरेचे कण त्या थेंबाभोवती चिकटतात, कोकोचे कण त्यांना येऊन लागतात आणि सगळं आवळतं.

गंमत अशी की यावर उपाय म्हणजे आणखी पाणी. चॉकलेटच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं गरम पाणी किंवा दूध चमच्याचमच्याने घालत ढवळलं की साखर पूर्ण विरघळते, चरबीचे बारीक थेंब पाण्यात पसरतात आणि गोळा पुन्हा तुकतुकीत होतो. तो केकमध्ये घालू नये, पण आईस्क्रीमवर ओतायला सॉस म्हणून उत्तम.

मग लोण्यातल्या पाण्याचं काय? विकतच्या लोण्यात निदान ८० टक्के चरबी आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. ते पाणी अतिबारीक थेंबांच्या रूपात चरबीने वेढलेलं असतं, शिवाय सोबत इतकी चरबी येते की कणांना एकमेकांना चिकटायला जागाच उरत नाही. म्हणून चॉकलेट आणि लोणी एकत्र वितळवणं हे नुसतं चॉकलेट वितळवण्यापेक्षा सोपं. घरचं लोणी वापरायचं असेल तर ताक पूर्ण निघेपर्यंत धुऊन, दाबून पाणी काढून घ्या. तूपही चालतं: १५० ग्रॅम लोण्याच्या जागी १२० ग्रॅम तूप आणि दोन-अडीच चमचे दूध. पण तुपाचा स्वतःचा वास खमंग आणि ठसठशीत असतो, तो चॉकलेटवर चढतो. मला ते पटत नाही. तुम्हाला कदाचित आवडेलही.

कूट, आणि त्यातलं तेल

शेंगांबद्दल सोलापूरकरांना शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच, तरी चटणीची सवय इथे नडते म्हणून सांगते. शेंगा चटणीसाठी दाणे कुटताना तेल सुटावंच लागतं, त्यात तिची चव आहे. केकसाठी नेमकं उलट हवं. कूट कोरडं, सुटं राहिलं पाहिजे. तेल आधीच बाहेर आलं तर ते अंड्याच्या फेसात जातं आणि फेस मोडतं.

म्हणून दाणे मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंतच भाजा. सालं पूर्ण काढा, कारण त्यांत तुरट-कडू अंश असतो आणि चॉकलेटचा कडवटपणा आधीच आहे. पूर्ण गार होऊ द्या. उन्हाळ्यात गार होणं म्हणजे ३५ अंश, ते पुरेसं नाही. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. मग साखरेपैकी तीन-चार चमचे साखर दाण्यांतच घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. साखरेचे कण सुटलेलं तेल धरून ठेवतात आणि कूट गोळा होत नाही. बारीक रव्याइतकं झालं की थांबायचं.

पाहुण्यांना वाढण्याआधी शेंगदाण्याची कुणाला अ‍ॅलर्जी नाही ना, हे विचारून घ्या. केककडे बघून दाणे ओळखू येत नाहीत.

मिश्रण आणि भट्टी

सात इंची टिनसाठी हे प्रमाण: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, मध्यम आकाराची ४ अंडी, दाण्याचं कूट १०० ग्रॅम, एक मोठा चमचा कोको पावडर, एक छोटा चमचा इन्स्टंट कॉफी, चिमूटभर मीठ. कॉफीची चव जाणवणार नाही. तिचा भाजका कडवटपणा चॉकलेटला खोली देतो. लोणी मिठाचं असेल तर वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही.

ते का नाही? कारण फुगवायचं काम अंड्याच्या फेसाकडे आहे. साखर घालून अंडी फेटताना हवेचे असंख्य बुडबुडे त्यात कोंडले जातात. भट्टीत हवा प्रसरण पावते, पाण्याची वाफ होऊन त्याच बुडबुड्यांत शिरते आणि केक वर येतो. म्हणून फेटण्यात कंजुषी नको. इलेक्ट्रिक बीटरने सहा-आठ मिनिटं, मिश्रण पांढुरकं, तिप्पट होईपर्यंत. बीटर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद तशीच दिसली पाहिजे. थंड अंडी नीट फुगत नाहीत. इथे मात्र सोलापूर आपल्या बाजूने आहे: फ्रीजमधून काढलेली अंडी उन्हाळ्यात थोड्याच वेळात कामाला तयार.

पुढचा टप्पा सगळ्यात नाजूक, आणि तोही तापमानाचाच. वितळलेलं चॉकलेट-लोणी फेसात मिसळताना ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान हवं, बोट घातलं तर कोमट लागावं इतकं. खूप गरम असेल तर कडेची अंडी शिजून गुठळ्या होतात. गार असेल आणि अंडीही फ्रीजमधली असतील, तर चरबी फेसाला लागताच गोठते आणि मिश्रणात काळे ठिपके दिसतात. डिसेंबर-जानेवारीत हा दुसरा धोका, मे महिन्यात पहिला. कारण मेमध्ये चॉकलेट लवकर निवतच नाही आणि आपण घाई करतो. घाई नको, तोवर टिनला लोणी लावून तळाशी बटर पेपर बसवा.

फेसाचा एक तृतीयांश भाग आधी चॉकलेटमध्ये घालून मोकळेपणाने ढवळा. एवढ्यातली हवा गेली तरी चालेल, चॉकलेट हलकं करून घ्यायचं आहे. मग ते उरलेल्या फेसावर ओता, वरून कूट आणि कोको भुरभुरवा, आणि स्पॅच्युला तळापासून वर आणत, भांडं फिरवत हलक्या हाताने एकजीव करा. पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या की हात थांबवा.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेची भट्टी, १६५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा. दोन्ही रॉड चालू, टिन मधल्या रॅकवर. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत २० अंशांचाही फरक असू शकतो. या केकला तो फरक झेपत नाही, त्यामुळे आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतलात तर सगळ्या बेकिंगला उपयोग होईल. वरचा रॉड जवळ असेल तर शेवटच्या पंधरा मिनिटांत टिनवर फॉईल सैलसर ठेवा. वेळ ३५ ते ४० मिनिटं.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई, तळाशी मिठाचा थर, वर स्टँड, घट्ट झाकण आणि मंद आच. कढई आधी दहा मिनिटं तापवून घ्या. तासाभराच्या आत केक होतो. वरचा पापुद्रा ओटीजीइतका खुसखुशीत होत नाही, कारण झाकणाखाली वाफ कोंडते.

केक झाला हे ओळखायचं कसं? साध्या केकमध्ये टूथपिक कोरडी बाहेर यावी लागते. इथे कोरडी आली तर उशीर झाला. कडेचा दोन बोटं रुंद भाग घट्ट, टिन हलवला तर मधला भाग किंचित थरथरणारा, टूथपिकला ओलसर कण चिकटलेले पण पातळ मिश्रण नाही, इथे बाहेर काढायचा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंशांच्या आसपास. साल्मोनेलासारखे जंतू ७१ अंशांना मरतात, त्यामुळे मधला भाग मऊ असला तरी कच्चा नसतो. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काही मिनिटं काम करत राहते, आणि नंतर गार होताना कोको बटर घट्ट होऊन उरलेली बांधणी करतं.

बाहेर आल्यावर दहा मिनिटांत केक मध्ये खचतो, वर भेगा पडतात. शेजारच्या काकू असा केक पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, “बसला की गं तुझा केक!” बसणारच. मैद्याच्या केकमध्ये स्टार्च आणि ग्लूटेन भिंती धरून ठेवतात. इथे वाफ गेल्यावर बुडबुड्यांना तेवढा आधार नाही, म्हणून ते आखडतात आणि केक दाट होतो. वरची भेगाळलेली पातळ पापडी ही फेसातल्या साखरेची. याची चव या बसण्यातच आहे. काकूंनी दुसरा तुकडा मागून घेतला, हेही नोंदवून ठेवते.

टिनमध्येच पूर्ण गार करा. हिवाळ्यात रात्रभर झाकून ओट्यावर, उन्हाळ्यात दोन तास बाहेर आणि मग फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी चव नक्कीच चांगली लागते. वाढताना मात्र फ्रीजमधून थेट ताटलीत नको. ५ अंशांना चरबी कडक असते आणि सुगंध बाहेर येत नाही. जानेवारीत अर्धा तास आधी काढा, एप्रिलमध्ये दहा मिनिटं पुरतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून काप घ्यायचा, दर कापाला.

डाळिंबच का

चरबी जिभेवर थर धरते. दोन-तीन घासांनंतर चव बोथट वाटू लागते ती त्यामुळे. आंबटपणाने लाळ सुटते, तुरटपणा तो थर खरवडून काढतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. डाळिंबात हे दोन्ही आहे, शिवाय दाताखाली फुटणारा रस. आणि ते आपल्या दारात पिकतं. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर ही डाळिंबाची गावं. शहराला लागून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मृग, हस्त आणि आंबे अशा तिन्ही बहारांमुळे बाजारात डाळिंब वर्षातला बराच काळ दिसतं.

आपल्याकडे सर्रास मिळतो तो भगवा. गडद लाल दाणा, मऊ बी, भरपूर गोडी. या केकच्या दृष्टीने त्यात एकच उणीव: आंबटपणा कमी. नुसते दाणे ठेवले तर गोडावर गोड होतं. म्हणून त्याचा आटवलेला रस करावा आणि त्यात लिंबू पिळावं.

अर्धा लिटर रस लागेल. दाणे मिक्सरमध्ये फार फिरवू नका, बी दळली गेली की कडवट होतो. एक-दोनदा फिरवून फडक्यातून पिळा. पांढरा पापुद्राही कडू, तो निवडून टाका. रस रुंद स्टीलच्या भांड्यात ४० ग्रॅम साखर घालून साधारण १५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. भगव्याच्या रसात मुळातच १५ टक्क्यांच्या आसपास साखर असते, त्यामुळे जास्त घालायची गरज नाही. रुंद भांडं एवढ्यासाठी की पाणी लवकर उडतं आणि रस कमी वेळ तापतो. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. ते जास्त वेळ तापलं की तपकिरी पडतं, लोखंडी कढईत काळपट होतं, आम्लात मात्र लालभडक राहतं. म्हणून लिंबू चवीसाठी आणि रंगासाठीही, गॅस बंद केल्यावर. गरम असताना रस पातळच वाटेल, गार झाल्यावर मधासारखा धरतो. आणखी आटवत बसलात तर हाती चिक्की येईल.

वाढताना कापाशेजारी चमचाभर आटवलेला रस आणि वर ताजे दाणे. दाणे फडक्यावर कोरडे करून, अगदी शेवटी. साखर लावून ठेवू नका, रस सुटतो. केकच्या मिश्रणात दाणे घालायचा मोह होतो, तो टाळा. भट्टीत ते फुटतात आणि त्यांच्याभोवती गिचका होतो.

दुसरं फळ घ्यायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं. शरद सीडलेस ही जात आपल्याच जिल्ह्यातल्या नान्नजची. चॉकलेटचा घास खाऊन लगेच द्राक्ष खाल्लं की ते आंबट लागतं, ते इथे फायद्याचंच. घडाचे तुकडे करून २०० अंशांवर १५-२० मिनिटं भाजले तर आणखी छान. सालं सुरकुततात, रस दाटतो. सीताफळाचा गर केकसोबत सुरेख लागतो, पण तो थंडच हवा. गर तापवला की कडवट होतो, बासुंदीतही तो शेवटी घालतात तो याच कारणाने. आंबा मला या केकबरोबर नको वाटतो. दोघेही भाव खाणारे, एका ताटलीत नांदत नाहीत.

अंडं चालत नसेल तर

ज्यांच्या घरात अंडं येत नाही, अशी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत. यातलं अंडं काढून दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलं तर हा केक होणार नाही, कारण जाळं विणणारी वस्तूच गेली. उन्हाळ्यात टिकणारं दुसरं जाळं स्टार्चचं. म्हणून बिनअंड्याच्या घरी मी टार्ट सुचवेन: १२० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम दाण्याचं कूट, ४० ग्रॅम पिठीसाखर, ८० ग्रॅम थंड लोणी चुरून, चमचा-दोन चमचे गार दूध घालून गोळा करा, टिनमध्ये थापा, काट्याने टोचा आणि १८० अंशांवर साधारण २० मिनिटं सोनेरी होईपर्यंत भाजा. आत भरायला ३०० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर. आधी कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवा, मग सगळं सतत ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर एक मिनिट पूर्ण शिजवा. अर्धवट शिजलेला स्टार्च घट्ट होत नाही, वर पिठाची चव राहते. गॅसवरून उतरवून १५० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे घाला. इथे दूध भरपूर आहे, त्यामुळे चॉकलेट आवळायची भीती नाही. कवचात ओतून चार तास फ्रीजमध्ये.

हे टार्ट एप्रिलच्या दुपारीही ओघळत नाही, डाळिंबाचा रस त्यावरही तितकाच शोभतो. फक्त त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी स्टार्चमधून पाणी सुटू लागतं आणि खालचं कवच मऊ पडतं.